मांडीवरची जागा

बारशाच्या घरात सगळी गर्दी पाळण्याभोवती असते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. त्याच वेळी घरातलं तीन वर्षांचं थोरलं पोर आतल्या खोलीत, बाळाला आलेल्या झबल्यांच्या ढिगावर पाय देऊन उभं असतं. कुणीतरी बघतं आणि ओरडतं, 'अरे, दादा झालास ना आता?' कालपर्यंत त्या घरातलं बाळ तोच होता. त्याला दादा करायचं ठरवलं मोठ्यांनी, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्यात शेजारच्या काकूंची भर पडते : 'आता तुझे लाड संपले हं!' मराठी घरांत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या गमतीनं म्हटलं जातं. त्या वयाच्या मुलाला मात्र ती बातमी वाटते, आणि खरी वाटते. आई चार दिवस दवाखान्यात होती आणि परतली ती दुसऱ्याच कुणाला तरी कुशीत घेऊन.

ध्रुवबाळाची गोष्ट आपण तपश्चर्येसाठी आणि अढळपदासाठी सांगतो. पण ती सुरू होते मांडीपासून. भागवताच्या चौथ्या स्कंधातला ध्रुव अवघा पाच वर्षांचा. उत्तानपाद राजाच्या मांडीवर सावत्र भाऊ उत्तम बसलेला, आणि ध्रुवालाही तिथेच बसायचं असतं. सावत्र आई सुरुची त्याला टोचून बोलते, हे सगळ्यांना आठवतं. राजा तेव्हा गप्प बसतो, हे सांगायचं मात्र राहून जातं. त्या पोराला वडलांचं ते गप्प बसणंही तितकंच लागलं असणार.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला ज्युडी डन आणि कॅरोल केंड्रिक या अभ्यासकांनी ४० कुटुंबांच्या घरी जाऊन, दुसरं मूल होण्याच्या आधीपासून, थोरल्यांकडे लक्ष ठेवलं. १९८२ साली त्यांचं पुस्तक आलं. बाळ आल्यावर अनेक थोरली मुलं हट्टी झाली, आईला चिकटून राहू लागली, काहींची शी-शूची सवय बिघडली. आई बाळात गुंतलेली असताना खटके जास्त उडत. हे आपल्याकडच्या कुठल्याही आईला पटेल : ती दूध पाजायला बसली, की नेमकं तेव्हाच थोरल्याला पाणी हवं असतं आणि खेळण्यांचा डबा उपडा होतो.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया थोरल्याशी बाळाबद्दल बोलत, 'का रडत असेल रे ते? भूक लागली असेल का?' असं विचारत, त्या घरांतली भावंडं पुढे एकमेकांशी जास्त मायेनं वागताना आढळली.

मत्सराला आपण षड्रिपूंत बसवलं आहे. तीन वर्षांच्या मुलाला तोच शब्द लावणं हा अन्याय आहे. त्याचं काहीतरी हरवलंय आणि ते परत मागायला त्याच्यापाशी शब्द नाहीत, म्हणून तो चिमटा काढतो. तो चिमटा थांबवायचाच, हात धरायचा, त्यात तडजोड नाही. पण 'असा कसा रे तू दुष्ट!' म्हणायचं नाही. 'तुला राग आलाय, ये इकडे' एवढं पुरतं.

घरात मदतीला आलेली माणसं बहुधा थोरल्याला उचलून बागेत नेतात, म्हणजे बाळंतिणीला विसावा मिळतो. हेतू चांगलाच असतो. पण दिवसातून एकदा तरी उलट करून पाहावं : आजीनं किंवा बाबांनी बाळ घ्यावं आणि पंधरा मिनिटं आई थोरल्याला द्यावी.

पुढच्या वेळी बारशाला जाल, तेव्हा पाळण्याकडे वळण्याआधी थोरल्याजवळ खाली बसा. त्याला दादा म्हणू नका, ताई म्हणू नका. त्याचं जे नाव आहे, त्या नावानं हाक मारा आणि आज काय खेळलास ते विचारा. बाळ तोवर थांबेल.