सवय आणि तजवीज

जालन्यातील एका बैठकीत, जिल्ह्याच्या आरोग्याविषयी दरवर्षी होतात तशी हळहळीची भाषणे आटोपल्यावर, एक सेवानिवृत्त अंमलदार मोठ्या अधिकारवाणीने म्हणाले की, ‘‘आपल्या लोकांना औषधापेक्षा अकलेची गरज अधिक, येथे आरोग्याचे एक संग्रहालय काढा, माशी अन्नावर कशी बसते नि जंत पोटात कसा वाढतो ते दाखवा, निम्मे दवाखाने ओस पडतील.’’ संग्रहालयाची कल्पना मला तेव्हाही पसंत होती. टोचला तो तिच्या मुळाशी असलेला निवाडा, की रोग म्हणजे सदोदित रयतेचीच आगळीक.

हात धुवावेत, पाणी गाळून घ्यावे, हे काही आता कोणाला पटवून द्यावयाचे राहिलेले नाही. परंतु सार्वजनिक आरोग्यात लोकांची सवय हे एक अंग आणि राज्यकर्त्यांची तजवीज हे दुसरे. आणि आरोग्यशिक्षणाचा सारा उत्साह पहिल्या अंगावरच खर्ची पडतो, कारण तेथे शिकणारा गरीब असतो आणि शिकविणारा निर्धास्त. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी १९११ साली भरलेले आरोग्यप्रदर्शन पन्नास लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. ‘ओडोल’ नावाच्या चुळा भरावयाच्या औषधावर गडगंज झालेले कारखानदार कार्ल लिंगनर हे त्याचे प्रवर्तक. पुढल्याच वर्षी त्यातून संग्रहालय उभे राहिले, आणि १९३० साली तेथे पारदर्शक मनुष्यदेहाचा तो विख्यात पुतळा आला, ज्याची इंद्रिये एकेक करून आतून उजळत. एवढे निष्णात लोकशिक्षण. पण १९३३ नंतर त्याच संस्थेने त्याच कौशल्याने वंशशुद्धीचे विष लोकांस पाजले. शिकविण्याची हातोटी ही शिकवणुकीच्या सत्यतेची हमी नव्हे, हे आमच्या अंमलदार मित्रांच्या ध्यानी यावयास हवे होते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईत वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ रुग्णालयाच्या आवारात कुष्ठरोगाचे संग्रहालय आहे. १८९० साली म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने, रस्त्यावरील निराधार कुष्ठरोग्यांना नेऊन ठेवण्यासाठी, हा आश्रम उभा राहिला. येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते टाळवत नाही: हेच अ‍ॅक्वर्थ साहेब शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत मराठी पोवाडे गोळा करीत, १८९१ साली त्यांचा संग्रह छापला गेला आणि तीन वर्षांनी साहेबांनी त्यांतील काहींचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. डफावर थाप पडली की ज्याचे कान टवकारत, त्याच अधिकाऱ्याच्या हुकमाने शहरातील भिकारी रोगी शहराबाहेर जात. त्याच आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरण्याचा प्रयोग झाला. ज्यांना समाजाने नजरेआड केले, त्यांच्या मैल्यावर दिवे लावण्याची युक्ती मात्र समाजाला सुचली! करुणा, विद्वत्ता, सक्ती आणि शोधकता एकाच दप्तरात अशी बांधलेली सापडते, तेव्हाच आरोग्याचा इतिहास वाचण्याजोगा होतो.

परळच्या हाफकिन संस्थेची मिसलही अशीच. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे शाळेतली मुलेही सांगतील. परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि बाटली उघडणारा चिमटा तेथेच जमिनीवर पडला होता ही साक्ष असूनही हाफकिन यांच्या माथ्यावरील ठपका पुसावयास १९०७ साल उजाडले, हे किती जणांस ठाऊक असते? हाफकिन यांच्या स्तुतीपेक्षा त्या चौकशीचे कागद मला अधिक शिकवितात.

माझ्या मित्रांचे एक म्हणणे मी नाकारीत नाही: सवयी वाईट असतात, आणि कित्येकदा पाणी असूनही असतात. पण जालन्याच्या तोंडून हा उपदेश ऐकताना मोती तलाव आठवतो. मलिक अंबरच्या अमदानीत जमशेदखानाने तो बांधविला आणि जमिनीखालील नळांनी त्याचे पाणी शहरातील हौदांपर्यंत आणले, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. निजामाच्या राज्यात घाणेवाडीचा तलाव झाला, त्याचे पाणी उताराने आपसूक शहरात येई. आणि २०१२-१३ च्या अवर्षणात याच शहराने टँकरच्या मागे घागरी घेऊन धावत दिवस काढले. कोरड्या नळावर ‘हात धुवा’ अशी पाटी लावली, तर तिच्यातून नक्की कोणी काय शिकावे?

तेव्हा संग्रहालयाला माझा होकार कायम आहे, फक्त त्याचे विद्यार्थी बदलावेत. जिल्हाधिकारी, मुख्याधिकारी, नगरसेवक यांनी रुजू होताच ते आधी पाहावे. पहिल्या दालनात जमशेदखानाच्या नळांचा नकाशा, घाणेवाडीचे दप्तर, टँकरांची देयके आणि साथींच्या वर्षांतील मृत्यूंच्या नोंदवह्या मांडाव्यात; माशीचे चित्र मागल्या दालनात असले तरी चालेल. जिल्ह्यात ज्यांच्या घरी, कचेरीत वा माळ्यावर असले जुने कागद पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, एवढी विनंती आहे.