बरणीतला संयम

ग्वाल्हेरला, लष्करातल्या आमच्या घरी, भाचीने तळ्यातल्या चिखलाची बरणी घट्ट झाकण लावून खिडकीत ठेवली. काही आठवड्यांनी काचेवर जांभळट लाल पट्टा उठला. म्हणाली, हे रोडोबॅक्टरच्या जातकुळीतले जिवाणू. रोडोबॅक्टर हवेत आपल्यासारखा श्वास घेतो. प्राणवायू घटला की रंगद्रव्य करून उन्हावर जगतो. रेगबी नावाचं प्रथिन ती घट ओळखून रेगएला जागं करतं, आणि रंगाची जनुकं चालू होतात. हवा परतली की पीपीएसआर हे दुसरं प्रथिन त्यांना दाबून धरतं. कारण रंग, ऊन, प्राणवायू एकत्र आले तर पेशी आतूनच जळते.

बायांनो, मला तो संयमच वाटला. एकेंद्रिय जीव, पण थांबायचं कळतं!

“आत्या, कळणं कुठलं? हवा आली की बंद, गेली की चालू.”

हे मला लागलं. सासूबाई होत्या तोवर सूर्यास्तानंतर मी घोटभर पाणी घेतलं नाही. त्या गेल्या त्याच वर्षी लेकीकडे रात्री नऊला जेवले, आणि गोडही लागलं. मग इतकी वर्षं पाळलं ते व्रत, की नुसती घरातली हवा? मन नसलेल्या जीवाला अणुव्रत नसतं म्हणतात. मला तर मन होतं. पण ते व्रत मी स्वतः कधी घेतलं, काही केल्या आठवेना.

भाची बरणी मोरीत ओतायला निघाली, तेव्हा अडवलं. पाणी गाळल्यावर जिवाणी ज्या विहिरीची, तिथेच सोडतात ना? तळ्यावर जाऊन आलो, तोवर दिवे लागले होते. तिला भूक लागली होती. मलाही.