सॅक आणि पाटी

शुक्रवारी रात्री कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलमध्ये पाठीला सॅक लावलेली पोरंपोरी दिसली, की कुठे निघालात हे विचारावं लागत नाही. पहाटेच्या अंधारात बारी गावातून चढायला लागायचं, लोखंडी शिड्या ओलांडायच्या आणि सूर्योदयाला कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर उभं राहायचं. त्याच वाटेवर त्यांच्या पुढे गावातली एखादी बाई चालत असते. डोक्यावर पाटी, पाटीत काकड्या आणि लिंबं, हातात पाण्याचा कॅन, पायांत साध्या स्लिपर. हंगामात दर शनिवार-रविवारी ती हा डोंगर चढते. पण एकदाच वर जाऊन आलेला मुलगा ‘ट्रेकर’ ठरतो आणि ती ‘लोकल’.

डोंगरातल्या खेळांत भाग कोण घेतं, हा प्रश्न विचारला की मला आधी हे दोन शब्द आठवतात.

डोंगर चढण्याचा खेळ झाला तो फुरसत असलेल्यांच्या हातून. १८५७ साली लंडनमध्ये अल्पाइन क्लब निघाला. त्यात वकील होते, धर्मोपदेशक होते, अध्यापक होते. बायकांना प्रवेश नव्हता. १९०७ साली त्यांनी आपला वेगळा क्लब काढला आणि दोन्ही क्लब एक व्हायला १९७५ उजाडलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी माणसाच्या आवडीनिवडी त्याच्या वर्गातून कशा घडतात हे उलगडून दाखवलं. पैशापेक्षा शिक्षणाची पुंजी मोठी असलेले लोक गिर्यारोहणाकडे वळतात, हे त्यांचं निरीक्षण आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही चपखल लागू पडतं. गो. नी. दांडेकरांची पुस्तकं वाचून गडांच्या वाटेला लागलेले बँकेतले कारकून, शिक्षक, कॉलेजची मुलं यांच्याजवळ पैसा बेताचाच होता. ठरलेली साप्ताहिक सुट्टी मात्र होती, आणि रविवारी घराबाहेर राहिलं म्हणून कोणाची मजुरी बुडत नव्हती. माझ्या मते बुटांच्या किमतीपेक्षा ही सुट्टीच जास्त निर्णायक ठरते. जिच्या घरी चुलीसाठी मोळी डोंगरावरून डोक्यावर आणावी लागते, तिला ओझं घेऊन डोंगर चढण्यात विरंगुळा का वाटावा?

मुलींच्या बाबतीत सुट्टी असूनही भागत नाही. मुक्काम कुठे, सोबत कोण, परत कधी, हे सगळं घरी पटवून झाल्यावरच सॅक भरता येते. भावाला यातला एकही प्रश्न विचारलेला नसतो.

अंगात कुवत नाही म्हणून कोणी मागे राहतं, असं आता कोणी म्हणू नये. २०१४ साली तेलंगणाच्या समाजकल्याण निवासी शाळेतली मालावत पूर्णा तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली. २०१८ साली आपल्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टला गेली आणि त्यांतली पाच माथ्यावर पोहोचली. खर्च आणि प्रशिक्षण यांचा भार दुसऱ्याने उचलला एवढाच काय तो फरक. या घटनांचा मला मनापासून अभिमान आहे. पण एव्हरेस्टची मोहीम म्हणजे सोहळा असतो. त्यांच्याच शाळांतल्या इतर मुलांना जवळच्या कड्यावर दोर बांधून चढायला शिकवणारं कोणी दर आठवड्याला येतं का, ही माझ्या लेखी खरी कसोटी.

गडांवरची गर्दीही आता पूर्वीची राहिलेली नाही. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिनासाठी लोटणारा जनसागर गिर्यारोहणाच्या कोणत्याच व्याख्येत बसत नाही. तालुक्याच्या गावांतून मोटारसायकलींवर येणारी, टाक्यांतला गाळ उपसणारी, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करणारी तरुण मुलं गडावर ‘ट्रेक’ला आलेली नसतात, महाराजांच्या घरी आलेली असतात. जुन्या क्लबांतल्या काहींना त्यांच्या घोषणा खटकतात. घोषणांनी डोंगराची शांतता मोडते हे मलाही मान्य आहे. पण ज्यांना या वाटेवर कोणी बोलावलंच नव्हतं ते आपल्या कारणाने आले आणि हाती फावडं घेऊन आले, हे आधी पाहायला हवं.

डोंगरातल्या श्रमांचा हिशेब मात्र अजून लागलेला नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात हिमस्खलन होऊन १६ जण दगावले. सगळे नेपाळी कामगार होते, दुसऱ्यांच्या चढाईची तयारी करत होते. सह्याद्रीत जोखीम तेवढी नसते, पण कामाची वाटणी ओळखीची वाटते. शहरातला आयोजक ट्रेक विकतो आणि गावाच्या वाट्याला पिठलं-भाकरीचे पैसे येतात. कोणती नाळ पावसात बंद होते, सुट्या मातीचा घोळणा कुठे आहे, ढोरवाट कुठे फुटते, हे वाटाड्याला ठाऊक असतं. पण त्या ज्ञानाचं प्रमाणपत्र कुठे मिळत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून तो लीडर होत नाही, आणि लीडर नाही म्हणून त्याची मजुरी वाढत नाही.

रायगडाची हिरकणी आठवा. दरवाजे बंद झाले म्हणून ही गवळण अंधारात कडा उतरून बाळाकडे गेली, अशी कथा आहे. तिच्या आईपणाचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्या कड्यावर दोराशिवाय पाय कुठे टेकवायचे हे तिला कसं कळलं असेल, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

नवरात्रात बारीच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका कळसूबाईला जातात. वाट तीच, शिड्या त्याच. हातात ओटीचं सामान असतं, बोलत-हसत चढणं असतं, माथ्यावर थोडा वेळ निवांत बसणं असतं. त्या दिवशी डोक्यावर पाटी नसते.