एक गुंठा, एक पिक्सेल

सुदूर संवेदनात विभेदन म्हणजे चित्रातला एक पिक्सेल जमिनीचा केवढा तुकडा दाखवतो, याचे माप. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा सर्वांत बारीक पिक्सेल १० मीटर लांब-रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा. गुंठा भरतो १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर जमिनीचा इथे जेमतेम एक ठिपका होतो. तिच्यावर विहीर, गोठा, कडब्याची गंजी असे काहीही असले, तरी ठिपक्यात उतरते ती साऱ्यांवरून परतलेल्या प्रकाशाची गोळाबेरीज. १९८८ च्या आयआरएस-१ए उपग्रहावरील लिस-१ कॅमेऱ्याच्या ७२.५ मीटरच्या पिक्सेलमध्ये तर सव्वा एकराहून अधिक रान मावत असे. २०१९ चा कार्टोसॅट-३ मात्र २५ सेंटिमीटरपर्यंत पोचतो आणि त्याच गुंठ्याचे १,६०० हून अधिक ठिपके करतो. बांध, पायवाट, सुटे झाड वेगळे ओळखू येते ते इथे.

ही बारकाई फुकट मिळत नाही. पिक्सेल लहान झाला की त्याच्या वाट्याचा प्रकाश घटतो. त्यात उपग्रह जमिनीच्या हिशेबाने सेकंदाला सुमारे सात किलोमीटर पळत असतो, त्यामुळे २५ सेंटिमीटरच्या तुकड्यासाठी सेकंदाचा अठ्ठावीस हजारावा भाग एवढाच वेळ हाती लागतो. मग संवेदकांच्या अनेक ओळी एकामागोमाग तोच तुकडा टिपतात आणि त्यांच्या नोंदींची बेरीज केली जाते. दुसरी युक्ती रंग सोडण्याची. लाल, हिरवा, निळा असे वेगळे न करता प्रकाशाचा रुंद पट्टा एकत्र घेतला, तर लहान पिक्सेललाही पुरेसा उजेड मिळतो. याला पॅनक्रोमॅटिक चित्र म्हणतात. कार्टोसॅट-३ चे २५ सेंटिमीटर या करड्या चित्राचे आहेत, रंगीत चित्राचा पिक्सेल एक मीटरच्या वर जातो. दोन्ही जुळवून तीक्ष्ण रंगीत चित्र बनवता येते. ते देखणे असते खरे, पण त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग मोजलेला नसतो, हिशेबाने वाटून दिलेला असतो. पिकावरचा रोग ठरवायला अशा चित्रावर विसंबणे धोक्याचे.

शिवाय नजर बारीक झाली की पट्टा अरुंद होतो. सेंटिनेल-२ एका फेरीत २९० किलोमीटर रुंदी पाहतो, कार्टोसॅट-३ जेमतेम १६. त्यामुळे तोच भाग पुन्हा पाहायला त्याला जास्त दिवस लागतात. सोयाबीन आणि कापूस वेगळे ओळखायचे, तर पेरणीपासून काढणीपर्यंत हिरवेपणा कसा चढतो-उतरतो ते पाहावे लागते. या कामात दर पाच दिवसांनी येणारे १० मीटरचे चित्र एकदाच मिळालेल्या अतितीक्ष्ण चित्राहून उपयोगी पडते. खरिपात ढगच चित्रे अडवतात. तेव्हा रडारचा आधार घ्यावा लागतो.

तपशील वाढल्याने वर्गीकरण सोपे होईल, ही अपेक्षाही फसते. एकाच कौलारू घराची उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू आता वेगवेगळे पिक्सेल होतात, आणि ठिपक्यागणिक निर्णय घेणारा संगणक एका घराचे दोन पदार्थ करतो. म्हणून शेजारच्या सारख्या ठिपक्यांचे आधी गट बांधतात आणि गटाचा आकार, पोत, शेजार पाहून त्याला नाव देतात.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो तीक्ष्णता आणि अचूकता यांत. हवी ती जागा लवकर टिपण्यासाठी तीक्ष्ण नजरेचे उपग्रह कलून पाहतात. त्यामुळे उंच इमारती आडव्या झुकतात, डोंगरमाथे जागचे सरकतात. ते परत जागेवर आणायला जमिनीच्या उंचीचे प्रारूप लागते. कार्टोसॅट-१ वर २००५ साली पुढे आणि मागे पाहणारे दोन कॅमेरे बसवले ते त्यासाठीच. दृष्टिरेषा उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल आणि प्रारूपात १० मीटरची चूक असेल, तर ठिकाण जवळपास सहा मीटरने हलते. म्हणून चित्रात ठळक दिसणाऱ्या रस्त्याचा तिठा, विहिरीचा कठडा अशा जागांचे अक्षांश-रेखांश जमिनीवर जाऊन मोजतात आणि चित्र त्यांच्याशी जुळवतात. नाहीतर सहा मीटर चुकलेला बांधही अगदी स्पष्ट दिसतो.