अज्ञान की कानाडोळा?

समजा, नागपुरातील मनीषनगराहून एक भाड्याची गाडी कामकरी लोकांस घेऊन वर्धा रस्त्याने बुटीबोरीच्या कारखान्यांकडे निघाली आहे. चाकाकडून घूं घूं असा आवाज येतो. वेग वाढला की तोही वाढतो. चालक तो ऐकतो आणि रेडिओ मोठा करितो. पुढे अपघात झाला, तर "मला ठाऊक नव्हते" हे त्याचे म्हणणे आपण ग्राह्य धरावे काय?

यंत्राचे बोलणे संदिग्ध असते, हे खरे. लोखंडातून ध्वनी दूरवर जातो, म्हणून पुढचा दोष मागे भासतो. तथापि परीक्षेस वाट आहे. किंचित डावी-उजवीकडे वळताना आवाज कमीजास्त झाला, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. क्लच दाबताच उठला, तर क्लचच्या बेअरिंगचा. परंतु घूं घूं टायरांच्या असमान झिजेनेही होते. म्हणून जाणता मिस्त्री चाक उचलून हाताने फिरविल्यावाचून निर्णय देत नाही. त्याचे 'अजून कळले नाही' आणि चालकाचे 'ठाऊक नव्हते', दोन्ही अज्ञानच. पण एक शोध करिताना उरलेले, दुसरे शोध टाळून मिळविलेले.

चालकाची अडचण आम्ही हलकी मानीत नाही. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची भाकरी जाते. आणि दुरुस्तीस पैसा न देणारा मालक असेल, तर दोषाचा मोठा वाटा आम्ही त्याच्याच पदरी घालू. परंतु मागे बसलेल्यांस तो आवाज नेहमीचा की नवा, हे कळावयाचे कसे? चालकाने निदान गाडी थांबवून त्यांस सांगावे, आणि पुढे जावयाचे की उतरावयाचे हे त्यांस ठरवू द्यावे.