‘तो कांहीं करीत नाहीं’

धामणगांवाहून अंजनसिंगीकडे जाणाऱ्या रस्त्यानें पहांटे सायकलीवरून फेरी मारण्याची संवय मला पुष्कळ वर्षांपासून आहे. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास याहून निरुपद्रवी व्यायाम सांपडणें कठीण. दुतर्फा कपाशीचीं व तुरीचीं शेतें, पाठीमागें रेल्वेमार्गावर धडधडणारी एखादी मालगाडी, आणि समोर उजळत चाललेलें आकाश. एवढ्या सामग्रीवर मनुष्यानें सुखी व्हावयास प्रत्यवाय नाहीं. परंतु वस्ती संपतां संपतां एक फाटक लागतें. तें बहुधा उघडेंच असतें. आणि त्यांतून गळ्यांत पट्टा असलेला एक धिप्पाड कुत्रा बाणासारखा सुटून माझ्या पोटरीचा रोख धरतो.

अशा प्रसंगीं सायकलस्वाराची स्थिति मोठी चमत्कारिक होते. पायीं चालणारा जागच्या जागीं उभा राहूं शकतो. मोटारींत बसलेला कांचेआड असतो. सायकलीवरचा मनुष्य मात्र केवळ गतीच्या आधारावर तोल सांवरून असतो. त्यानें वेग वाढविला तर पळत्याच्या मागें लागण्याची कुत्र्याची उपजत बुद्धि अधिकच चेतते. पाय उगारला तर तोल जातो. शहाणपणाचा मार्ग एकच: हळूच खालीं उतरावें, सायकल उभयतांच्या मध्यें धरावी, आणि कुत्र्याचा उत्साह मावळेपर्यंत सावकाश चालत राहावें. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं फ्रान्समध्यें अशा प्रसंगासाठीं ‘वेलो-डॉग’ नांवाचें खिशांत मावणारें पिस्तूल विकत मिळत असे. मालकाच्या अपराधाबद्दल कुत्र्यास शासन करण्याची ती पराकाष्ठाच म्हटली पाहिजे.

मी पायउतार होऊन असा उभा असतां ओसरीवर चहा पीत बसलेले मालक तेथूनच ओरडतात, ‘‘काही नाही करत तो, सर! भेता कायले?’’

या वाक्याचा थोडा विचार करण्याजोगा आहे. कुत्रा काय करील, असा प्रश्न मीं विचारलेलाच नसतो. माझा प्रश्न, मुखानें उच्चारला नाहीं तरी, मालकांस उद्देशून असतो: फाटक उघडें कां? त्याच्या उत्तरादाखल ते कुत्र्याच्या स्वभावाचें प्रशस्तिपत्र पुढें करतात. त्यांस तो चावत नाहीं हें निःसंशय खरें. परंतु त्यांच्या अनुभवावर माझ्या पोटरीनें निर्धास्त राहावें, ही अपेक्षा विलक्षण आहे. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी वांचणें जवळजवळ अशक्य. पाश्चरनें १८८५ मध्यें लस टोंचून दाखविली तेव्हांपासून जो तरणोपाय आहे, तो लक्षणें दिसण्यापूर्वींचाच आहे. अशा ठिकाणीं भयास भित्रेपणा म्हणून हिणविणें न्यायाचें नव्हे.

गेल्या पावसाळ्यांत त्याच फाटकापुढें वर्तमानपत्रें टाकणारा एक मुलगा सायकलीवरून पडला व त्याचें मनगट मोडलें. मालकांनीं औषधपाण्याचा खर्च दिला, हें त्यांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. परंतु धांवून आल्याबरोबर त्यांनीं पहिला प्रश्न केला तो हा: ‘‘चावला त नाही ना?’’ ‘नाहीं’ असें उत्तर मिळतांच जमलेल्या सर्वांची, आणि मला वाटतें त्या मुलाचीहि, अशी समजूत झाली कीं, कोणाकडून अपराध असा कांहीं घडलाच नाहीं.

आमचे जुने धर्मशास्त्रकार या बाबतींत अधिक सूक्ष्म दृष्टीचे होते. दाढांच्या अथवा शिंगांच्या जनावरानें कोणास गांठलें असतां, समर्थ असूनहि जो मालक त्यास सोडवीत नाहीं, त्यास दंड करावा, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे. आणि सांपडलेल्या मनुष्यानें आक्रोश केला असेल तर दंड दुप्पट. हें दुपटीचें कलम मला फार मार्मिक वाटतें. जखम किती खोल, हें स्मृतिकार येथें विचारीत नाहींत. हांक कानीं पडूनहि मालक कां उठला नाहीं, हें ते विचारतात. १८६० च्या दंडविधानाचें २८९ वें कलम व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेलें भारतीय न्याय संहितेचें २९१ वें कलम यांचाहि रोख तोच आहे. आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जीवितास अथवा जबर दुखापतीचा जो संभव असेल, त्याविरुद्ध पुरेशी खबरदारी न घेणें हाच अपराध. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोडलेलें हाड कायद्याच्या व्याख्येप्रमाणें जबर दुखापतच होय. दांत लागण्याची वाट कायदा पाहात नाहीं.

येथेंच लेखणी ठेवली असती तर मला स्वतःस निर्दोष ठरवितां आलें असतें. परंतु वाचकांपासून एक गोष्ट लपविणें बरें नव्हे.

आमच्या गल्लींत एक काळी कुत्री आहे. चार वर्षांपासून उरलेली भाकरी रात्रीं तिला आमच्याच दारीं मिळते. ती रात्रभर पायरीवर बसून परक्या पावलांवर भुंकते, आणि आम्ही सुखानें झोंपतों. एके दिवशीं सकाळीं शिकवणीस जाणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या सायकलीमागें ती लागली. मुलगी पडली नाहीं. पण थरथरत माझ्या दाराशीं येऊन म्हणाली, ‘‘सर, तुमची कुत्री...’’ तिचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच मीं उत्तर दिलें, ‘‘आमची नव्हे ती, गल्लींतली आहे.’’

त्या दिवशीं दुपारीं वर्गांत शिकवितांना तें वाक्य पुनःपुन्हां माझ्या कानांत घुमत होतें. फाटकवाल्या गृहस्थांनीं कुत्र्याबद्दल चुकीची ग्वाही दिली असेल. पण तो आपला आहे, हें त्यांनीं कधीं नाकारलें नव्हतें. मीं रात्रींची राखण घेतली व दिवसाची जोखीम नाकारली.

मुक्या प्राण्यांस अभय देण्याचा उपदेश करणाऱ्या गाडगेबाबांचा हा जिल्हा आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव आमच्या मनांत लहानपणापासून वसलेले आहेत. ती करुणा टाकून द्यावी, असें मी म्हणणार नाहीं. मोकाट कुत्रीं सरसकट मारण्याचा उपाय मुंबईंत १८३२ मध्यें करून पाहिला गेला, तेव्हां पारशी समाज खवळून उठला व शहरांत दंगा झाला. परंतु भूतदयेच्याहि कांहीं अटी असाव्यात कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. ज्यांस भटक्या कुत्र्यांना खाऊं घालावयाचें असेल त्यांनीं तीं रीतसर दत्तक घ्यावींत, असें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ऑक्टोबर २०२२ मध्यें म्हटलें. पुढच्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. पुढें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें दिल्ली व आसपासच्या कुत्र्यांसंबंधीं आदेश दिला कीं, निर्बीजीकरण व लसीकरण करून तीं मूळ जागीं सोडावींत, पिसाळलेलीं व हिंस्र मात्र सोडूं नयेत, आणि खाणें ठराविक जागींच घालावें. न्यायालयांनीं काय ठरवावयाचें तें ठरवावें; भाकरी टाकणाऱ्या हातानें स्वतःशीं काय ठरवावें, हा प्रश्न न्यायालयाबाहेरचा आहे.

या प्रश्नास महाभारतांत उत्तर आहे. धर्मराजाच्या मागें चाललेलें कुत्रें त्यानें पाळलेलें नव्हतें, बोलावलेलेंहि नव्हतें. ‘हें माझें नव्हे’ एवढें म्हणतांच स्वर्गाचें दार उघडणार होतें, आणि तें वाक्य खोटेंहि ठरलें नसतें. तरी त्यानें तें उच्चारलें नाहीं. आपण या कथेंतून दयेचा बोध घेतों. मला आतां तींत जबाबदारीचा बोध अधिक दिसतो. जो जीव आपल्या आधारावर राहिला तो आपला. मग त्याची निष्ठा आपली, त्याचा उपद्रवहि आपला.

काळीला गुरांच्या दवाखान्यांत नेऊन लस टोंचविली व निर्बीजीकरणहि करविलें. सकाळीं मुलें शाळेस जाण्याच्या वेळीं ती आमच्या अंगणांत असते व फाटकास कडी असते. त्या विद्यार्थिनीच्या घरीं जाऊन, ती कुत्री आमचीच होती, असें सांगून आलों. एवढें झाल्यावर मग अंजनसिंगीच्या रस्त्यावरील त्या गृहस्थांकडे गेलों व प्रथम माझी स्वतःची हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि चहा पाजला. दुसऱ्या दिवशीं त्यांचें फाटक लागलेलें होतें. तिसऱ्या दिवशीं पुन्हां उघडें दिसलें. मी सायकलीवरून उतरलों. या खेपेस ओसरीवरून कांहीं ओरडणें ऐकूं आलें नाहीं. मालक स्वतः उठून कुत्र्यास धरावयास येत होते.