अपस्मार आणि लग्नांतील मौन

उपवर मुलीनें आपला अपस्मार सांगावा कीं लपवावा? १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांत अपस्माराचे वारंवार येणारे झटके लग्नास बाधक ठरले. १९९९ सालीं अपस्मार हा शब्द तेथून काढण्यांत आला. कायद्याची धोंड गेली, घरोघरची कुजबुज राहिली. सांगितल्यास स्थळ मोडतें, हें खरें. परंतु लपविणारीस सासरीं गोळीहि चोरून घ्यावी लागते. मग ती चुकते, आणि चुकलेली गोळी हें झटका परतण्याचें मोठेंच कारण. एरवीं योग्य उपचारानें शेंकडा ७० पर्यंत रोगी झटक्यांवांचून राहूं शकतात. म्हणून सांगावें, असेंच आम्हांस वाटतें. मात्र सत्याचा सारा भार मुलीनेंच कां वाहावा? मुलास फेंफरें येतें काय, हें विचारण्याचें धैर्य किती वधूपित्यांस असतें?